पहिली वेलांटी आणि स्टार्टचं बटण

संगणकाच्या पडद्यावरची मांडणी बदलली की लोक चिडतात. लोक चिडले की मांडणी बदलणारे म्हणतात, "काय करणार, माणसाला बदल नकोच असतो." हा संवाद मी गेली वीस-पंचवीस वर्षं ऐकतोय. दर चार-पाच वर्षांनी पात्रं बदलतात, वाक्यं तीच.

मला ते वाक्य कधीच पटलेलं नाही. माझं आजोळ आगरदांड्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुरूड तालुक्यात राजपुरीच्या खाडीवरचं गाव. समोर पलीकडच्या काठावर दिघी. पूर्वी पलीकडे गाडी न्यायची म्हणजे अख्ख्या खाडीला वळसा. मग जंगलजेटी आली आणि गाडीसकट माणसं पलीकडे जाऊ लागली. "आमचा वळसाच बरा होता" म्हणून कोणी मोर्चा काढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. घरोघरी वीज आली, गॅस आला, मोबाईल आला, मासे विकणाऱ्या बायकांच्या टोपलीशेजारी पैसे घ्यायचा चौकोनी कोड आला. सगळं मुकाट्याने घेतलं लोकांनी. मग पडद्यावरचं एक बटण हललं की हीच माणसं एवढी का कळवळतात?

तर आज त्याचाच थोडा इतिहास. थोडा अमेरिकेतला, थोडा लखनौचा, आणि थोडा आमच्या मामांच्या दुकानातला.

टेबल कोणाचं?

सुरुवात 'डेस्कटॉप' या शब्दापासून करू. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस लोकांपुढे चालवून दाखवला. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधनकेंद्रात आल्टो नावाचं यंत्र तयार झालं. १९८१ मध्ये त्याच कंपनीचा स्टार संगणक बाजारात आला आणि पडद्यावर पहिल्यांदा एक ऑफिस मांडलं गेलं : कागद, फोल्डर, फायलींचं कपाट, येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाचे ट्रे. १९८४ मध्ये मॅकिंटॉशने ही कल्पना सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेली. कल्पना साधी होती. कचेरीतल्या माणसाला टेबल ओळखीचं आहे, तेव्हा यंत्रालाच टेबलाचं सोंग देऊ.

पण हे टेबल कोणाचं? अमेरिकन कारकुनाचं. आपल्याकडचा कारकून पिढ्यान् पिढ्या बैठकीवर बसला, पुढ्यात उतरतं मेज घेऊन. त्याचे कागद फोल्डरमध्ये नव्हते, रुमालात होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली कागदपत्रं आजही रुमालांच्या हिशोबात मोजतात. एक रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं एक गाठोडं. त्या परंपरेतल्या माणसाला पडद्यावरचं पिवळं फोल्डर पाहून काय आठवणार? काहीच नाही.

म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांनी डेस्कटॉप अर्थावरून शिकलाच नाही. तो शिकला जागेवरून. "डावीकडे खाली कोपऱ्यात दाब, मग वर जा, मग उजवीकडे सरक, तिसरं." त्यात इंग्रजीशी बेताची ओळख असेल तर बटणावर काय लिहिलंय याला फारसं महत्त्वच नाही. बंदरावरचा माणूस खडक ओळखतो तसा तो कोपरा ओळखतो.

ज्याने अर्थावरून शिकलं त्याचं बटण हलवलं तर तो पाटी वाचत वाचत नवं बटण शोधतो. ज्याने जागेवरून शिकलं त्याचा खडकच गेला. मला वाटतं चिडण्याचं मूळ इथे आहे.

स्टार्ट आलं, स्टार्ट गेलं

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली आणि कोपऱ्यात स्टार्टचं बटण बसलं. (संगणक बंद करायलाही 'स्टार्ट'च दाबायचं, यावर तेव्हा जगभर विनोद झाले.) त्याआधीच्या विंडोज ३ मध्ये प्रोग्रॅम मॅनेजर नावाची वेगळी व्यवस्था होती. गंमत अशी की ती काढून टाकली नव्हती. त्या फायलीचं नाव ठाऊक असलेला माणूस विंडोज ९५ मध्येही जुना प्रोग्रॅम मॅनेजर उघडू शकत होता, आणि पुढे कितीतरी वर्षं ही सोय राहिली. २००१ मध्ये एक्सपी आली, निळीहिरवी, गुळगुळीत. ज्यांना ती खेळण्यासारखी वाटली त्यांनी 'क्लासिक' निवडलं आणि जुन्या करड्या पडद्यावर काम चालू ठेवलं. तक्रारी तेव्हाही झाल्या, पण मागचं दार उघडं होतं.

२००७ मध्ये ऑफिसमध्ये रिबन आली. वरचे मेनू गेले आणि त्या जागी चित्रांची रुंद पट्टी बसली. करणाऱ्यांकडे त्याचं कारण होतं आणि ते बिनबुडाचं नव्हतं. वर्डमध्ये इतक्या सोयी साठल्या होत्या की लोक ज्या नव्या सोयी मागत, त्यातल्या कित्येक आधीपासून आतच होत्या. सापडत मात्र नव्हत्या. नव्या माणसाला रिबन खरंच सोपी गेली. पण ज्याची बोटं दहा वर्षं त्याच मेनूंतून फिरली होती, तो एका सकाळी नवशिक्या झाला. त्याला नाव कोणीच दिलं नाही, पण ती एक प्रकारची पदावनतीच होती. पगार तोच, खुर्ची तीच, फक्त काल ऑफिसातली पोरं ज्याला विचारायला येत, त्याला आज पोरांना विचारावं लागत होतं.

खरा भडका उडाला २०१२ मध्ये. ॲपलचा आयपॅड २०१० मध्ये आला होता आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता की आता बोटांनी चालणारी पाटी टेबलावरच्या संगणकाला खाऊन टाकणार. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आली आणि तिने सतरा वर्षांचं स्टार्टचं बटण काढून टाकलं. संगणक सुरू केला की पडदाभर रंगीत फरशा. कोपऱ्यात माऊस नेला की लपलेल्या वस्तू बाहेर यायच्या, पण कोपऱ्यात न्यायचा हे सांगणारी खूण पडद्यावर नव्हती. संगणक बंद कसा करायचा, हे माणसं एकमेकांना फोन करून विचारत होती.

ज्यांच्या टेबलावर स्पर्शाचा पडदाच नव्हता, आणि तेव्हा बहुतेकांच्या नव्हता, त्यांच्यासाठी ही व्यवस्था दुसऱ्याच यंत्रासाठी शिवलेला अंगरखा होती. इव्हो बेल्चेव्ह नावाच्या प्रोग्रॅमरने २००९ पासून 'क्लासिक शेल' नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवला होता. तो जुना स्टार्ट मेनू परत आणून द्यायचा. २०१२ नंतर त्याला जगभर गिऱ्हाईक मिळालं. विंडोजचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी विंडोज ८ आल्यानंतर काही आठवड्यांतच कंपनी सोडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ बरोबर बटण परत आलं (मेनू नव्हे, नुसतं बटण), आणि २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० बरोबर मेनूही. जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला कोपऱ्यातलं एक बटण मेनूसकट परत ठेवायला पावणेतीन वर्षं लागली.

ज्यांनी आपलं घर वेगळं बांधलं

याच सुमारास लिनक्सच्या जगात याहून मजेदार नाटक चाललं होतं. तिथे डेस्कटॉप एकच नसतो. नोम, केडीई, एक्सएफसीई अशी अनेक घराणी आहेत. जानेवारी २००८ मध्ये केडीईची चौथी आवृत्ती आली, अर्धीकच्ची, आणि मंडळी भडकली. एप्रिल २०११ मध्ये नोमची तिसरी आवृत्ती आली. खालची पट्टी गेली, खिडकी लहान करायचं बटण गेलं, डेस्कटॉपवरची चित्रं गेली. त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी नावाची स्वतःची नवी मांडणी सगळ्यांना दिली. एकाच महिन्यात दोन भूकंप.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची या काळातली वाटचाल बघण्यासारखी आहे. २००५ मध्ये त्यांनी लोकांना जाहीर सल्ला दिला की नोम सोडा, केडीई वापरा. केडीई ४ नंतर ते स्वतः केडीई सोडून नोमवर आले. नोम ३ नंतर वैतागून एक्सएफसीईवर गेले. आणि २०१३ च्या सुमारास पुन्हा नोमवर! ज्यांनी यंत्राचा गाभा लिहिला त्यांची ही प्रदक्षिणा, तर बाकीच्यांनी चिडू नये असं कसं म्हणायचं?

पण या नाटकातला माझा आवडता प्रवेश वेगळाच आहे. नोमचा सगळा कोड खुला. तो कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, अशी परवान्यातच सोय. २०११ मध्ये पेर्बेरोस हे टोपणनाव घेतलेल्या अर्जेंटिनाच्या एका वापरकर्त्याने नोम २ चा कोड उचलला आणि जुनाच डेस्कटॉप नव्या नावाने चालू ठेवला. नाव 'माटे', दक्षिण अमेरिकेतल्या एका चहासारख्या पेयावरून. लिनक्स मिंटच्या मंडळींनी नोम ३ च्या पायावरच जुन्या वळणाचा 'सिनॅमन' उभा केला. नोमवाल्यांनीही मार्च २०१३ मध्ये 'क्लासिक' रीत देऊ केली. उबुंटूने २०१७ मध्ये युनिटी सोडून दिली. माटे मात्र टिकला.

चिडलेली माणसं नुसती ओरडली असती तर आज ती गोष्ट कोणाला आठवलीही नसती. त्यांच्या हातात जुन्या घराची किल्ली होती, म्हणून ते घर राहिलं. जिथे ती किल्ली फक्त कंपनीकडे असते तिथे ओरडणं एवढंच हाती उरतं, आणि ओरडणं नेहमीच ऐकलं जात नाही.

(एक बाजू मात्र कोणी फारशी मोजत नाही. दर नव्या मांडणीबरोबर शेकडो नवी वाक्यं येतात आणि ती प्रत्येक भाषेत पुन्हा करावी लागतात. त्या वर्षांत नोमच्या मराठी भाषांतराचं बरंचसं काम पुण्यातून, रेड हॅटच्या कार्यालयातल्या मंडळींकडून होत असे. बटण तिकडे हलतं, शब्द शोधायला इकडे पुण्यात कोणी तरी बसतं.)

आता आपली वेलांटी

हे सगळं वाचताना मला राहून राहून आपली पहिली वेलांटी आठवते. कारण असंच भांडण देवनागरीत त्याआधी अर्ध्या शतकापूर्वी होऊन गेलं, आणि माझ्या मते ते जास्त शहाणपणाने मिटलं.

'कि' हा शब्द बोलताना आधी क, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी, क नंतर. डोळ्याला याचं काहीच वाटत नाही, पण छापखान्यातल्या जुळाऱ्याला आणि टाइपरायटरवाल्याला ही वेलांटी म्हणजे डोकेदुखी. शिवाय जोडाक्षरं, मात्रा, रफार. देवनागरीची केस खिळ्यांनी गच्च भरलेली. म्हणून लिपी सुधारायच्या योजना सुरू झाल्या. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना (१९२४ ते १९३७) सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुढे आणली : इ, ई, उ, ऊ यांच्या जागी अि, अी, अु, अू. 'किर्लोस्कर' मासिक कित्येक वर्षं त्या वळणाने छापलं जात होतं. काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींच्या वर्तुळात तीच वाट चोखाळली आणि नवजीवनची पुस्तकं तशी निघाली. जुन्या घरांतल्या कपाटात ती अजून सापडतात. वाचताना डोळा अडखळतो, पण दोन पानांत सरावतो.

तरी ती रीत टिकली नाही. सरकारने बंदी घातली नाही, कोणी जाळपोळ केली नाही. लोकांनी सरळ वापरली नाही.

मग आली १९५३ ची लखनौ परिषद. नोव्हेंबरमध्ये, उत्तर प्रदेश सरकारने बोलावलेली, अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन. तिथे ठरलं की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे न्यायची. दुसऱ्या वेलांटीसारखीच काढायची, फक्त दांडी आखूड ठेवायची. यंत्राच्या दृष्टीने उत्तम. उच्चाराच्या दृष्टीनेही तर्कशुद्ध. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने? 'कि' आणि 'की' यांतला फरक आता दांडीच्या लांबीवर! घाईत लिहिलेल्या पत्रात तो कोण मोजणार? विरोध झाला, शिक्षक वैतागले, आणि १९५७ मध्ये वेलांटी जागच्या जागी परत आली. स्टार्टच्या मेनूपेक्षा थोडाच जास्त वेळ लागला म्हणायचा.

इथवर ही हुकलेल्या सुधारणेची गोष्ट. खरी गंमत पुढे आहे. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरवला. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि तिथल्या जिस्टच्या कामातून ती मांडणी देशभर गेली. १९९१ मध्ये इस्की हे मानक आलं आणि त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती. या सगळ्यांनी वेलांटीचं काय केलं? यंत्राच्या पोटात तिला अक्षरानंतर ठेवलं, बोलतो त्या क्रमाने. आणि पडद्यावर दाखवताना नेहमीच्या जागी, डावीकडे.

लखनौला जे हवं होतं ते यंत्राला मिळालं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला पत्ताही लागला नाही. आज आपण मोबाईलवर 'किती' लिहितो तेव्हा लखनौचा १९५३ चा निर्णयच अमलात आणत असतो, फक्त पडद्याआड.

मामा आणि पोकळ टरबूज

डोळ्याला पत्ता लागला नाही. बोटांना मात्र लागला.

मामांनी तरुणपणी तालुक्याच्या गावी जाऊन मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. टाइपरायटरवर आधी वेलांटी, मग अक्षर. 'ग' काढायचा तर आधी अर्धा ग, मग काना. कागदावर दिसतं त्या क्रमाने हात चालायचा. या हातावर मामांनी जेटीच्या रस्त्यावर टपरीवजा दुकान चालवलं. रेशनकार्डाचा अर्ज, वारसनोंदीचा अर्ज, होडीच्या परवान्याचा अर्ज, भावाभावांतल्या वाटपाचं टिपण. लोक तोंडी सांगायचे आणि मामा ते सरकारी मराठीत बसवायचे. निम्मं गाव त्यांना 'साहेब' म्हणायचं, चेष्टेत नाही, मनापासून.

मग कचेऱ्यांतून युनिकोडमध्येच मजकूर मागू लागले आणि दुकानात संगणक आला. मी सुट्टीत गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मामा पहिला अर्ज करायला बसले. कुठल्याही अर्जात पहिला मोठा शब्द कोणता? 'विनंती'. मामांनी सवयीने आधी वेलांटी दाबली. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचं एक गोल वर्तुळ उगवलं आणि वेलांटी त्याला चिकटून उभी राहिली.

"अरे, हे पोकळ टरबूज कुठून आलं मध्येच?"

मी सांगितलं, "मामा, आधी व दाबा, मग वेलांटी."

"बोलताना तसं. आपण लिहितोय ना?"

याला उत्तर काय द्यायचं? इस्की, उच्चारक्रम, सगळ्या भारतीय भाषांची एकवाक्यता... सगळं बरोबर होतं आणि मामांच्या काहीच कामाचं नव्हतं. मिनिटाला पस्तीस शब्दांचा हात पाचावर आला. अर्ज घेऊन आलेला माणूस बाकावर बसून जांभया देई, मग "येतो जरा" म्हणून उठे आणि मुरूडला जाऊन करून आणी. दोन महिने असे गेले. मामी म्हणाली की मामा रात्री जेवताना बोटांनी ताटाच्या कडेवर काहीतरी वाजवत बसतात. दुकान बंद करून सुपारीच्या वाडीत लक्ष घालावं, इथपर्यंत बोलणं आलं होतं.

मार्ग निघाला तो साधा होता. टाइपरायटरचीच मांडणी ठेवून आतून युनिकोड लिहिणारे प्रोग्रॅम असतात. वेलांटी आधी दाबली तरी ते थांबतात, अक्षर आलं की क्रम उलटवून योग्य जागी ठेवतात. शेजारच्या एका कॉलेजातल्या मुलाने ते बसवून दिलं. मामांनी 'विनंती' लिहून पाहिलं, टरबूज आलं नाही. पुढे कितीतरी वर्षं दुकान चाललं. हा किस्सा घरात हसण्यासाठी सांगतात. मला त्यातलं हसू थोडं कमी येतं, कारण त्या दोन महिन्यांत मामांना कोणी शिकवलेलं काही विसरायला झालं नव्हतं. त्यांची कला जशीच्या तशी बोटांत होती. फक्त ती लावायला जागा उरली नव्हती.

आणि ज्यांना मागचं दार मिळालं नाही

मागचं दार नसेल तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे, आणि ते संगणकाहून पुष्कळ जुनं आहे. मोडी लिपी.

शतकानुशतकं आपला व्यवहार मोडीत चालला. झरझर, हात शक्य तितका न उचलता लिहायची लिपी. (मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नसत, वेलांटी एकच आणि ती अक्षरानंतर. म्हणजे लखनौचा प्रश्न मोडीला पडलाच नसता!) पण छापखान्याला बाळबोध सोयीची पडली. शाळेची पुस्तकं बाळबोध, वर्तमानपत्रं बाळबोध, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. आगरदांडा तेव्हा जंजिरा संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, गाव कुलाबा जिल्ह्यात आलं, आणि १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला. राज्यं बदलली तरी कागद राहिले, वाचणारे मात्र संपले. आजोळच्या ट्रंकेत अशी एक चळत आहे. आमच्याच वाडीबद्दल असावी, आमच्याच कोणा पूर्वजाच्या हातची असावी, आणि घरात एकालाही त्यातली ओळ लागत नाही. लिपी बदलायला नको होती असं मी म्हणत नाही. छापील पुस्तकं घरोघरी गेली ती बाळबोधीमुळे. पण एका पिढीने दोन्ही लिप्या चालू ठेवायची तजवीज केली असती, तर ती ट्रंक आज मुकी झाली नसती.

म्हणून मी बदल करणाऱ्यांच्या विरुद्ध नाही. रिबन नव्या मुलांना सोपी गेली हे खरं. नोम ३ ही पुढे पुष्कळ सुधारलं आणि आज अनेकजण ते आवडीने वापरतात. इन्स्क्रिप्ट तर शिकणाऱ्याला टाइपरायटरपेक्षा कितीतरी सुटसुटीत. दरवेळी जुनंच बरोबर असतं असंही नाही. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ ला शासननिर्णय काढून शेंडीचा श आणि पाकळीचा ल प्रमाण ठरवला, तेव्हा जुनी वळणं परत आल्याचा मला आनंद झाला. पण मधल्या काळात दांडीचा ल गिरवलेल्या मुलांना मात्र तोच 'बदल' वाटला असणार. जुनं कोणाचं आणि नवं कोणाचं, हे आपण कुठल्या साली शाळेत गेलो त्यावर ठरतं.

माझं म्हणणं एवढंच की माणसाची सवय ही त्याने मेहनतीने कमावलेली वस्तू आहे. जमीन संपादन करताना सरकारसुद्धा निदान नोटीस देतं, मोबदला देतं. बोटांतली पंधरा वर्षं संपादन करताना तेवढंही कोणी करत नाही. एका सकाळी संगणक उघडतो आणि मालकाला कळतं की रात्रीत ताबा गेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही आधार संपला. विंडोज ११ मध्ये स्टार्ट कोपरा सोडून मधोमध येऊन बसलं आहे. त्याला पुन्हा डाव्या कोपऱ्यात न्यायची सोय सेटिंगमध्ये ठेवली आहे, हे मात्र त्यांनी चांगलं केलं. ज्यांच्या घरी आई-वडील, काका-मामा संगणक वापरतात त्यांनी ती एवढी खूण बदलून द्यावी. दोन मिनिटांचं काम आहे.

असो. वेलांटीवरून सुरू झालं आणि बरंच लांबलं.

ता. क. : आजोळच्या मंडळींसाठी. माळ्यावर मोडीचे कागद असतील तर रद्दीत घालू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, आणि आता मोडी वाचून देणारे जाणकारही बरेच आहेत. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्येही आली आहे. ट्रंकेतल्या चळतीचे फोटो मी या सुट्टीत काढणार आहे. कोणाला मोडीच्या वर्गाला माझ्याबरोबर यायचं असेल तर कळवा. निदान वाडी कोणाच्या नावावर होती ते तरी समजेल.